सूर आला पण लय पडली: आमच्या डॅट टेपांची केस

फोंड्याच्या आमच्या भागात एक भजनी मंडळ आहे, त्यांच्याकडे ११ डॅट टेपा आहेत, म्हणजे डिजिटल आवाजाच्या छोट्या कॅसेटी. १९९४ ते ९८ च्या मधल्या. मंडळातले एक काका तेव्हा कुवेतला नोकरीला होते, सुट्टीवर येताना त्यांनी छोटा डॅट रेकॉर्डर आणला आणि मग दर सप्ताहाला, चवथीच्या भजनाला तो रेकॉर्डर आणि एक स्टिरिओ माइक देवळाच्या चौकातल्या खांबाला बांधून ठेवायचे. त्या टेपांवर जे गातायत त्यातले निम्मे लोक आज नाहीत. म्हणून ही केस जरा सविस्तर लिहितोय, कारण अशा टेपा गोव्यात अजून कितीतरी घरांतल्या कपाटांत पडून असणार, आणि आमच्या बाबतीत जे होता होता राहिलं ते दुसऱ्या कोणाचं होऊ नये असं मनापासून वाटतं.

माझ्याकडे आधी टेपा आल्याच नाहीत, पेन ड्राइव्ह आला. काकांच्या भाच्याने काही वर्षांपूर्वी सगळ्या टेपा कंप्युटरवर घ्यायचा प्रयत्न केलेला. मुलगा हुशार आहे, मेहनत पण भरपूर केलेली, पण सांगणारं कोणी नव्हतं. त्याने पहिल्यांदा डॅट डेकचा (टेप वाजवणाऱ्या यंत्राचा) डिजिटल आउट आपल्या ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कंप्युटरमध्ये घेणाऱ्या बॉक्सच्या) डिजिटल इनला लावून, सेशन ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) या रेटवर ठेवून रेकॉर्ड केलं, तर गाण्यात बारीक टिक टिक यायला लागली, साधारण सेकंदाला एक. मग त्याला कोणीतरी सांगितलं की इंटरफेसचं घड्याळ एक्स्टर्नलवर टाक, म्हणजे तो डेकच्या घड्याळावर चालेल. टाकलं, टिक गेली, सगळे खूश. त्या नादात नवीन सेशन उघडलं ते सॉफ्टवेअरच्या डिफॉल्टवर, म्हणजे ४४.१ वर, आणि त्याच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

लक्ष गेलं ते पेटीवाल्या काकांचं. फाइल ऐकली आणि म्हणाले, "हो सूर आमचो न्हय रे." मंडळाचा सूर काळी दोन, इतकी वर्षं तोच, आणि फाइलमधली पेटी पांढरी दोन आणि काळी एक यांच्या मधे कुठेतरी वाजत होती, म्हणजे पेटीवर जी पट्टीच नाही तिथे. त्यावर भाच्याने सॉफ्टवेअरमधला पिच शिफ्ट घेऊन सगळ्या फाइली दीड पट्टी वर चढवल्या आणि परत नेऊन ऐकवल्या. तेव्हा काका म्हणाले, "सूर आला, पण लय पडलीय. हा पखवाज असा ढिला वाजवणारा माणूसच नव्हता."

खरं सांगतो, या दोन वाक्यांत अख्खं निदान होतं. मी नंतर मोजमाप केलं, पण नवीन असं काही सापडलं नाही, काकांच्या कानाने जे सांगितलं तेच आकड्यांत आलं.

मोजमाप असं. टेप नंबर सातच्या डबीवर काकांनी डेकच्या काउंटरवरची वेळ लिहून ठेवलेली, ५८ मिनिटं २० सेकंद. भाच्याची फाइल भरत होती ६३ मिनिटं २९ सेकंद. ५८:२० म्हणजे ३५०० सेकंद, गुणिले ४८००० म्हणजे १६ कोटी ८० लाख सॅम्पल. त्याला ४४१०० ने भागा, ३८०९ सेकंद येतात आणि वर अर्धा, म्हणजे बरोबर ६३:२९. सुराचं पण तसंच, ४८ आणि ४४.१ मधलं अंतर १४७ सेंट (एका पट्टीचे १०० सेंट) पडतं, दीड पट्टीला अगदी थोडं कमी. पेटीची रीड वर्षानुवर्षांत थोडी उतरते हे मान्य, पण दीड पट्टी नाही उतरत. आणि सूर आणि वेळ दोन्ही एकाच गुणोत्तरात बिघडले असतील तर आवाज बिघडलेलाच नाही, फक्त चुकीच्या वेगाने वाजतोय.

आता हे नेमकं होतं कसं ते बघू, कारण इथेच बहुतेक जण अडकतात. डॅट डेकच्या मागे जो नारिंगी किंवा काळा आरसीए सॉकेट असतो तो एसपीडिफ, डिजिटल आवाज वायरने पाठवायची एक पद्धत. त्याचा मोठा भाऊ एईएस३, १९८५ सालचा, स्टुडिओतला, एक्सएलआर वायर, ११० ओहम, २ ते ७ व्होल्ट. एसपीडिफ घरगुती, ७५ ओहम, अर्धा व्होल्ट. आतली रचना मात्र जवळपास एकच: डाव्या सॅम्पलला ३२ बिट, उजव्या सॅम्पलला ३२ बिट, दोन्ही मिळून एक फ्रेम, अशा १९२ फ्रेमचा एक ब्लॉक. ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ३० लाख ७२ हजार बिट त्या एका वायरमधून जातात, आणि घड्याळाची वेगळी वायर नसतेच. प्रत्येक बिटच्या हद्दीवर सिग्नल एकदा पलटी मारतोच, बिट १ असेल तर मधे आणखी एकदा मारतो, त्या पलट्या मोजून समोरचं यंत्र घड्याळ स्वतः ओळखून घेतं. म्हणजे आकडे आणि चाल (वेग) दोन्ही एकाच वायरमधून, एकाच वेळी. मला स्वतःला ही रचना फार सुंदर वाटते, टाळकऱ्याच्या हातात गजर पण असतो आणि लय पण असते तसं.

प्रत्येक सॅम्पलच्या मागे चार बिट जास्तीचे असतात, त्यातला एक चॅनल स्टेटसचा. १९२ फ्रेमचे ते एक एक बिट गोळा केले की एक चिठ्ठी तयार होते: हे यंत्र घरगुती की प्रोफेशनल, कॉपी करायला परवानगी आहे की नाही, एम्फसिस (रेकॉर्ड करताना वरचे सूर मुद्दाम वाढवणं) लावलाय का, सॅम्पल रेट किती. ही फक्त चिठ्ठी आहे बरं. खरा रेट म्हणजे पलट्या किती वेगाने येतात तो. चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असलं तरी चाल बदलत नाही. आणि वेव्ह फाइलच्या सुरुवातीला हेडरमध्ये जो रेट लिहिलेला असतो ती पण चिठ्ठीच.

आता भाच्याचा पहिला प्रयत्न बघा. डेक आपल्या क्रिस्टलवर (घड्याळ चालवणाऱ्या स्फटिकावर) ४८ ने पाठवतोय, इंटरफेस आपल्या क्रिस्टलवर ४८ ने उचलतोय. दोन्ही ४८, पण दोन क्रिस्टल कधी तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखात २० चा फरक धरला तरी सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल जास्त किंवा कमी पडतं आणि तिथे टिक वाजते. घरगुती यंत्रांना तर नियमातच दहा लाखात हजारापर्यंत सूट आहे. याला वायर बदलून, बफर वाढवून, काही म्हणजे काही उपयोग नाही, एकाने दुसऱ्याचं घड्याळ मानायलाच पाहिजे, आणि टेप डेक वाजवणारा असल्यामुळे घड्याळ त्याचंच. मंडळात कोणीतरी त्या टिक वाल्या फाइलींवर क्लिक रिमूव्हर चालवलेला, त्याने टिक गेल्या पण टाळांची धार पण गेली, कारण टाळाचा पहिला आघात आणि क्लिक हे त्या सॉफ्टवेअरला सारखेच दिसतात. ती व्हर्जन मी ऐकून लगेच बाजूला ठेवली.

दुसऱ्या प्रयत्नात घड्याळ बरोबर होतं. डेकने पाठवलेलं प्रत्येक सॅम्पल फाइलमध्ये आलं, एकही पडलं नाही, एकही जास्तीचं नाही. फक्त सॉफ्टवेअरने हेडरमध्ये ४४१०० लिहिलं. त्याचा तो जुना इंटरफेस बाहेरचं घड्याळ निमूट घ्यायचा आणि सॉफ्टवेअरला काही कळवायचा नाही, आताचे काही ड्रायव्हर अशा वेळी रेकॉर्डिंग सुरूच होऊ देत नाहीत ते बरं आहे.

आणि तिसरी पायरी, पिच शिफ्ट, ती मात्र खरी हानी. कारण आतले आकडे बरोबर होते आणि चिठ्ठी चुकीची होती, तर त्याने चिठ्ठी तशीच ठेवून आकडे बदलले. पिच शिफ्टने सूर वर ओढला, वेळ ६३ मिनिटंच राहिली, म्हणून लय ढिली, आणि आवाजाचे तुकडे करून परत जोडल्यामुळे पखवाजाची थाप पण पसरट झाली.

मग मी भाच्याला फोन केला आणि एकच विचारलं, पिच शिफ्टच्या आधीच्या फाइली आहेत का? म्हणाला बघतो. इतकं धाकधूक होण्याचं कारण टेप नंबर सात. भाच्याने ती वाजवल्यानंतर काही महिन्यांनी, पावसात, कोणीतरी ती परत डेकमध्ये घातली आणि ओलाव्याने टेप ड्रमला चिकटून गुंडाळली गेली, फाटली. डॅटची टेप फक्त ३.८१ मिलिमीटर रुंद, ड्रम मिनिटाला २००० फेऱ्या मारतो, जरा दमट झाली की संपलं. त्या टेपवर मंडळाच्या सगळ्यात जुन्या बुवांनी गायलेला रूपाचा अभंग आहे आणि त्यांचं दुसरं एकही रेकॉर्डिंग कुठे नाही.

तीन दिवसांनी भाचा बिजागरी तुटलेला एक जुना लॅपटॉप घेऊन आला. त्यात सगळ्या मूळ फाइली होत्या, खालच्या सुराच्या, ४४१०० चं हेडर लावलेल्या, हात न लावलेल्या.

सातची दुरुस्ती पाच मिनिटांची होती. फाइलची कॉपी केली, हेडरमधला रेट ४४१०० चा ४८००० केला, त्याच्या शेजारचा सेकंदाला किती बाइट हा आकडा १७६४०० चा १९२००० केला. आठ बाइट. आवाजातलं एक सॅम्पल पण हललं नाही. फाइल उघडली, लांबी ५८:२०. पेटीवाले काका शेजारी आपली पेटी घेऊन बसले होते, त्यांनी काळी दोन दाबली आणि फाइल सुरू झाली. पेटी थोडी म्हणजे पाचदहा सेंट इकडे तिकडे असेल, पण सूर तोच. काका पहिलं कडवं संपेपर्यंत पट्टी दाबून बसले, काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी टाळकऱ्यांची नावं सांगायला सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण मला नंतर दोघातिघांनी विचारलं की मग सॅम्पल रेट कन्व्हर्ट का नाही केला. कन्व्हर्ट केलं असतं तर सॉफ्टवेअरने हेडरवर विश्वास ठेवून ४४.१ चे ४८ केले असते, म्हणजे चुकीचा सूर आणि चुकीची लय अगदी प्रामाणिकपणे ४८ मध्ये नेऊन ठेवली असती. कन्व्हर्ट करणं म्हणजे आवाज तोच ठेवून आकडे नवीन काढणं, आणि लेबल बदलणं म्हणजे आकडे तेच ठेवून चाल बदलणं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाच मेनूत शेजारी शेजारी असतात.

बाकीच्या टेपा मी परत घ्यायच्या ठरवल्या, जरी जुन्या फाइलींचं हेडर बदलून भागलं असतं तरी, कारण टेप एकदाच वाचली असेल तर वाचताना चूक झाली की नाही हे कळायला मार्ग नसतो. मडगावच्या एका मित्राकडून चांगला डेक आणला. जुलै महिना, डेक चालू केला की डिस्प्लेवर ओलाव्याची सूचना आणि टेप घ्यायलाच तयार नाही. त्यात डेकची चूक नाही, तो सेन्सर टेप वाचवतोय, त्याला बायपास करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. खोलीत दोन दिवस डीह्युमिडिफायर चालवला, टेपा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या, मग काम सुरू. वायर पण बदलली, भाच्याने साधी ऑडिओची पाच मीटरची वापरलेली, मी केबलवाल्याकडून आरजी-६ आणून, ७५ ओहमची, दीड मीटरची बनवून घेतली. साधी वायर थोड्या अंतरात चालून जाते पण अशा टेपांवर नशिबाची परीक्षा कशाला.

पद्धत अशी ठेवली: सेशन ४८, १६ बिट, घड्याळ एक्स्टर्नल, लॉकचा दिवा (इंटरफेसने डेकचं घड्याळ पकडल्याची खूण) स्थिर झाल्याशिवाय प्ले दाबायचं नाही, आणि प्रत्येक टेप दोनदा घ्यायची. दोन्ही फाइलींची सुरुवात सॅम्पलला सॅम्पल जुळवायची, एक उलटी करायची, म्हणजे अधिकचे आकडे उणे आणि उण्याचे अधिक, आणि मग दोन्ही मिसळायच्या. दोन्ही सारख्या असतील तर निव्वळ शून्य उरतं, मीटर हलत पण नाही. साध्या ४८ च्या आठ टेपांपैकी सहा पूर्ण शून्य आल्या. तीन नंबरमध्ये चार जागी आणि दहा नंबरमध्ये एका जागी फरक आला, म्हणजे तिथे टेप इतकी खराब की डेकची चूक-दुरुस्ती पुरली नाही आणि त्याने अंदाजाने सॅम्पल भरली, दर वेळी वेगळी. हेड साफ करून तिसऱ्यांदा घेतल्यावर दहा नंबर जुळली. तीन नंबरमध्ये दोन जागा राहिल्याच, त्यांची वेळ लिहून ठेवलीय. एम्फसिसचा बिट पण तपासला, सगळीकडे बंद.

पाच नंबरने अर्धा दिवस खाल्ला. निम्मी टेप ४८ ची, आणि मधेच ४४.१ सुरू, कारण काकांनी उरलेल्या जागेत कधीतरी सीडीवरून काहीतरी डिजिटल कॉपी करून घेतलेलं. त्या जागी लॉक तुटतो, परत लागतो, आणि सेशन ४८ चं असेल तर पुढचं सगळं वरच्या सुरात आणि घाईत. ती दोन फाइलींत घेतली, दोन वेगळ्या सेशनमध्ये.

मग सीडीचा विषय. मंडळाला चवथीआधी जुन्या सभासदांच्या घरी सीडी द्यायच्या होत्या, आणि सीडी म्हणजे ४४.१, तिथे कन्व्हर्ट करणं आलंच. ४४.१ हा विचित्र आकडा सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर भरायचे त्यातून आलाय, पीएएल या टीव्हीच्या पद्धतीत एका लायनीत ३ सॅम्पल, २९४ लायनी, सेकंदाला ५० फील्ड (अर्धी चित्रं), गुणाकार ४४१००. त्यामुळे ४८ शी त्याचं नातं १४७ ला १६० असं आडमुठं. मनातल्या मनात करायचं तर ४८००० ला १४७ पट करून ७० लाख ५६ हजारावर न्यायचं, तिथे फिल्टर लावायचा, आणि दर १६० वं सॅम्पल उचलायचं. सगळी करामत त्या फिल्टरची. तो २० किलोहर्ट्झपर्यंत सगळं जाऊ देतो आणि २२.०५ च्या आत पूर्ण दार बंद करतो. फिल्टर नीट नसेल, किंवा कन्व्हर्टर दोन सॅम्पलच्या मधे नुसती सरळ रेघ ओढत असेल, तर मूळ गाण्यात नसलेले सूर तयार होतात. पंधरा वीस जोड्या टाळ एकदम वाजतात तेव्हा वरच्या पट्ट्यात इतका माल असतो की भजन हीच कन्व्हर्टरची सगळ्यात कडक परीक्षा आहे असं माझं मत. मंडळातल्या एकाने जुन्या फुकट सॉफ्टवेअरने करून आणलेल्या फाइलीत टाळ वाळूत घासल्यासारखे वाटत होते. मी त्याच सॉफ्टवेअरमधून २० हर्ट्झपासून २४ किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा एक सूर पास करून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणते सूर आहेत त्याचं चित्र, काढला, चांगल्या कन्व्हर्टरमध्ये एकच रेघ वर जाऊन संपते, इथे आरशात पडल्यासारख्या रेघा खाली परत येत होत्या. चित्र दाखवल्यावर वादच उरला नाही.

दुसऱ्या कन्व्हर्टरने केलं, आधी आवाज १ डेसिबल खाली घेऊन, कारण काकांनी लेव्हल पार शून्यापर्यंत (डिजिटलमध्ये शून्य म्हणजे कमाल मर्यादा) भरलेली आणि कन्व्हर्ट करताना नवीन सॅम्पल जुन्या दोन शिखरांच्या मधे, त्यांच्याहून उंच पडू शकतं. शेवटी १६ बिटला आणताना डिदर, म्हणजे आकडे गोल करताना होणारी खरखर झाकायला मिसळलेला अगदी बारीक आवाज. हे सगळं एकदाच, आणि फक्त सीडीच्या कॉपीवर. मोबाइलवर ऐकणाऱ्यांना ४८ चीच दिली. एका सभासदाचा फार आग्रह होता की जपून ठेवायची कॉपी ९६ किलोहर्ट्झ २४ बिट करा, मी ठाम नाही म्हणालो. टेपवर जे आहे ते ४८ आणि १६ आहे, त्याच्यापुढे भर घातलेला आकडा माझा असेल, बुवांचा नाही.

राहिली नऊ नंबर. ती लाँग प्लेवर आहे, ३२ किलोहर्ट्झ, १२ बिट, एका टेपवर दुप्पट वेळ, जवळजवळ चार तासांचं अखंड भजन. माझा इंटरफेस ४४.१ च्या खाली लॉकच होत नाही. म्हापशातल्या एका ओळखीच्याने स्वतःहून बॉक्स देऊ केला, त्यात असिंक्रोनस कन्व्हर्टरची चिप आहे, कुठलाही रेट घाला, बाहेर ४८ मिळतो, लॉकची कटकटच नाही. लाइव्ह कार्यक्रमात दोन यंत्रं जोडायला तो बॉक्स सोनं आहे. पण तो दोन्ही घड्याळांचं गुणोत्तर चालता चालता मोजत राहतो, त्यामुळे तीच टेप दोनदा घेतली तरी आकडे तेच येत नाहीत, उलटी करून मिसळली तर शून्य कधीच येणार नाही, आणि मग टेपची चूक कोणती आणि बॉक्सची कोणती हे मला सांगता येणार नाही. चार तासांच्या टेपवर ते मला चालणार नाही.

३२ ला लॉक होणारं एक जुनं पीसीआय कार्ड मडगावच्या त्याच मित्राकडे आहे, ते लावायला तसाच जुना कंप्युटर उभा करावा लागेल. पाऊस थांबून हवा कोरडी झाली की ते काम. तोवर नऊ नंबर बिस्किटांच्या डब्यात आहे, डबीवर पेन्सिलने लिहिलंय: ३२, लाँग प्ले, घड्याळ डेकचं, कन्व्हर्ट न करता.